पुलावरची सहावी मुलगी

दिवे लागले तरी मी खुर्चीतून उठलो नाही. पुण्यातल्या एका स्टुडिओतलं ते प्रिव्ह्यू थिएटर जेमतेम तीस खुर्च्यांचं होतं. आत आम्ही दोघंच होतो, मी आणि दिग्दर्शिका गार्गी सबनीस. पूर्ण चित्रपटभर ती शेवटच्या रांगेत बसली होती. आता ती पुढे आली आणि माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसली.

"बोला ना, सर."

"त्यानं तिला वाचवलं," मी म्हणालो.

"हो."

"सहाव्या मुलीला."

"हो, सर."

"का?"

हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण ती उघडत होती आणि परत लावत होती.

'काजवा' म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. आम्ही लहान असताना सांगावं लागत नसे. सांगलीच्या एका छापखान्यातून दर महिन्याला बत्तीस पानांचं ते कॉमिक निघायचं. दिवसा पाटबंधारे खात्यात नदीची पातळी मोजणारा एक साधा कारकून, रात्री अंगात मातकट रंगाचा कॅनव्हासचा डगला आणि छातीवर हिरवट दिवा. त्याला उडता येत नसे. अंधारात दिसायचं आणि पाण्याची भाषा कळायची, एवढीच त्याची शक्ती. एकूण चौऱ्याहत्तर अंक निघाले. लिहिणारा आणि काढणारा माणूस एकच, भरमगोंडा मगदूम. त्यांना सगळे आण्णा म्हणत.

ते चौऱ्याहत्तरही अंक माझ्याकडे आहेत. मी मिरजेच्या एका शाळेत भूगोल शिकवायचो आणि उरलेल्या वेळात काजव्याच्या चाहत्यांचा फेसबुकवरचा गट चालवायचो. चाळीस हजार लोक होते त्यात. कॉमिकवरून काढलेले चित्रपट मी आयुष्यभर पाहत आलो होतो, परदेशी आणि आपलेही, आणि बहुतेक वेळा चिडून बाहेर पडलो होतो. पोशाख काळा करतात. नायकाला एक मेलेली आई देतात. मारामारीच्या मधेच त्याला विनोद करायला लावतात. आणि जी गोष्ट वाचून आपण लहानपणी रात्रभर जागे राहिलो, तीच नेमकी काढून टाकतात, कारण ती कुणाला तरी फार जड वाटते. म्हणून गार्गीनं मला आधी चित्रपट बघायला बोलावलं, तेव्हा मी वही घेऊन गेलो होतो. चुका टिपायला.

पण वहीत फारसं काही लिहिलं गेलं नाही. डगला मातकटच होता, शिवण जाड दोऱ्याची होती. गाणं एकही नव्हतं. नदीकाठची ती पट्टी लावलेली मोजमापाची खोली पडद्यावर आली, तेव्हा मी पेन खिशात ठेवून दिलं. दोन तास मी हरखून बसलो होतो. आणि मग शेवटी पूल आला.

"सर," गार्गी म्हणाली, "बाकी चित्रपट कसा वाटला?"

"बाकीचं राहू द्या. चाळिसावा अंक वाचलाय ना तुम्ही?"

"खूप वेळा."

"मग सांगा मला त्यात काय होतं."

"पूर येतो. पुलावर शाळेची बस अडकते. आत सहा मुलं. काजवा पाच जणांना बाहेर काढतो. सहावी छबी. तिचा हात त्याच्या हातातून सुटतो."

"आणि शेवटचं पान?"

"काठावर तो एकटा बसलाय. शब्द नाहीत."

"त्या पानासाठी तो अंक आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "मी अकरा वर्षांचा होतो. माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते. खांबावर शॉक लागून गेले. तेरा दिवस घरी माणसं येत होती, आणि प्रत्येक जण मला सांगत होता, देवाची इच्छा. चौदाव्या दिवशी मामानं हा अंक आणून दिला. त्यात मी बघितलं की काजव्यालाही नाही जमलं. त्यानं जीव लावून प्रयत्न केला आणि तरी नाही जमलं. मॅडम, मला त्या वेळी कुणी खरं सांगितलं असेल, तर ते त्या पानानं. आणि तुम्ही तिथं टाळ्या घ्यायला मुलगी वाचवलीत."

तिनं बाटली खाली ठेवली.

"टाळ्यांसाठी नाही केलं ते."

"मग कशासाठी?"

"मला एवढंच सांगता येईल, की हा बदल माझा नाही."

"निर्मात्यांचा?"

ती खाली ठेवलेल्या बाटलीकडे बघत राहिली. मला वाटलं, मला उत्तर मिळालं.

"दुसरा शेवट शूट केलाय?" मी विचारलं. "पुस्तकातला?"

"केलाय. निर्मात्यांना दोन्ही हवे होते." मग ती घाईनं म्हणाली, "सर, माझं ऐका. यावर आत्ता काही लिहू नका. आण्णांना एकदा हा बघू दे. मग तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

"आण्णा आज का आले नाहीत?"

"बोलावलं होतं. म्हणाले, मी अर्धवट चित्र कुणाला दाखवत नसे, तुमचंही अर्धवट बघणार नाही. थेट पहिल्या खेळाला येतो."

प्रदर्शनाला तीन आठवडे होते. मी वही पिशवीत घातली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आण्णांकडे गेलो. मिरजेच्या बाहेरच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं बैठं घर होतं. वय चौऱ्याहत्तर, हात थरथरायचा, त्यामुळे चित्रं कधीच थांबली होती. पद्माकाकूंना काचबिंदूनं जवळजवळ दिसेनासं झालं होतं. मी पंधरा वर्षं त्या घरी जात होतो. आण्णा काजव्याबद्दल भरभरून बोलायचे, पण काकू त्या वेळी उठून आत जायच्या. त्यांनी कॉमिक कधी उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांना त्यातलं काही आवडत नसावं, एवढंच मी समजत होतो.

"आलासा मास्तर? बसा," आण्णा म्हणाले. "बघितलासा?"

"बघितला."

"कसा केलाय पोरीनं?"

"चांगला केलाय. डगला अगदी तुमचाच."

ते हसले. मग खुर्ची ओढून माझ्या जवळ आले. "आणि पुलाचं? पुलाचं कसं केलंय?"

त्या दिवशी काकू आत गेल्या नव्हत्या. दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मला ते जरा नवल वाटलं, पण मी त्यावर विचार केला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं: या म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्यात मोठ्या पानाचं लोकांनी काय करून ठेवलंय, हे त्याला माझ्या तोंडून कळायला नको.

"त्याची काळजी करू नका, आण्णा," मी म्हणालो. "ते मी बघतो."

"तुम्ही बघताय म्हंजे?"

"नीट होईल ते. तुम्ही आता थेट थिएटरातच बघा."

आण्णांनी काकूंकडे पाहिलं. काकू चहा ठेवायला वळल्या.

त्या संध्याकाळी मी गटावर लिहिलं. मोठं लिहिलं नाही. चाळिसाव्या अंकाच्या शेवटच्या पानाचा फोटो टाकला आणि खाली चार ओळी: 'चित्रपटात हे पान नाही. चित्रपटात छबी वाचते. ज्यांना हे पान पाठ आहे, त्यांनी ठरवावं.'

सकाळपर्यंत ते पान हजारो लोकांनी पुढे पाठवलं होतं. नाशिकहून, अकोल्याहून, दुबईहून लोक लिहीत होते. प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी त्या पानाशी जोडलेलं होतं. चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. सहाव्या दिवशी निर्मात्यांच्या कचेरीतून मला फोन आला. एक गृहस्थ अतिशय गोड आवाजात विचारत होते की चाहत्यांचं नेमकं म्हणणं काय आहे.

"पुस्तकातला शेवट लावा," मी म्हणालो. "शूट केलेला आहे, मला माहीत आहे. तो लावलात तर पहिल्या दिवशी आम्ही सगळे येऊ. नाहीतर कुणी येणार नाही."

त्याच दुपारी गार्गीचा फोन आला. मी तिसऱ्या तासावर होतो. वर्गाबाहेर येऊन उचलला.

"सर, मी तुम्हाला विनंती केली होती."

"मॅडम, मी खोटं काही लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलंत. पण ते लोक आता शेवट बदलायला निघालेत. तुम्ही एकदा म्हणालात, की चित्रपटाला एक संधी द्या, तर ते थांबतील."

"मी का म्हणू?"

वर्गात मुलांचा गलका वाढला होता.

"मी कुणाला तरी शब्द दिलाय, सर. मला कारण सांगता येत नाही. तुम्ही आण्णांना विचारा. फक्त विचारा, की तुम्हाला कोणता शेवट हवाय."

"आण्णांना?" मला हसू आलं. "त्यांनीच तर तो लिहिलाय."

मी फोन ठेवला आणि वर्गात गेलो. विचारलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला पुढे किती वेळा विचारला असेन, ते सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवशी मला वाटलं, विचारण्यासारखं त्यात काही नाही. ज्या माणसाची मी अकराव्या वर्षापासून पानं जपली, त्याच्या मनातलं मला माहीत होतं. प्रदर्शनाला पाच दिवस राहिले असताना निर्मात्यांनी जाहीर केलं: चाहत्यांच्या भावनांचा आदर करून मूळ कथेचा शेवट ठेवण्यात येत आहे. गटावर लोकांनी माझा फोटो लावला. मी आण्णांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांच्या घरी फक्त जुना लँडलाइन होता, वर्तमानपत्र येत नव्हतं. पडद्यावर ते पान दिसेल, तेव्हा शेजारी बसून त्यांचा चेहरा बघायचा, असं मी ठरवलं होतं.

पहिला खेळ शुक्रवारी सकाळी अकराला, पुण्यात. पहाटे मी गाडी घेऊन आण्णांच्या दारात गेलो. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा आणि धोतर घातलं होतं. काकू येणार नव्हत्या. "दिसत नाही तर कशाला," म्हणाल्या. पण गाडीपर्यंत आल्या. मी त्यांना पंधरा वर्षांत फाटकाबाहेर क्वचितच पाहिलं होतं. आण्णांच्या बाहीला हात लावून त्या हळू म्हणाल्या, "नीट बघून या."

थिएटरच्या पायऱ्यांवर आमच्या गटातले शेकडो लोक होते. काही जण मातकट डगले घालून आलेले. आण्णांना बघून गर्दी दुभंगली, लोक वाकून पाया पडू लागले. आण्णा गोंधळून हात जोडत होते. तेवढ्यात गार्गी गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आली. तिचा चेहरा कित्येक दिवस झोप नसल्यासारखा होता.

"त्यांना सांगितलंत?" तिनं विचारलं.

"काय?"

"की शेवट बदललाय."

"नाही. बघू दे ना त्यांना."

तिनं माझं मनगट धरलं. "सर, त्यांना आत नेऊ नका. किंवा पुलाच्या आधी बाहेर आणा. चक्कर आली म्हणा, काहीही म्हणा. मी चार दिवस त्यांच्या घरी फोन करतेय. दर वेळी काकू उचलतात. मला त्यांना सांगता येत नाही."

"काय सांगता येत नाही?"

"गार्गी," मागून कुणीतरी हाक मारली. निर्मात्यांचा माणूस होता. कॅमेरे तयार होते. त्यानं तिच्या खांद्याला धरून जवळजवळ ओढतच नेलं. ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. मी मनात म्हणालो, हिला भीती वाटतेय. आण्णांनी हा शेवट बघून मान डोलावली की हिची चूक सगळ्यांसमोर येणार.

आम्ही मधल्या रांगेत बसलो. पहिल्या प्रसंगापासून आण्णा मुलासारखे पुढे सरकून बघत होते. मोजमापाची खोली आली, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात मग तिथंच राहिला.

पूल आला. पाणी चढत होतं. बस तिरकी झाली होती. काजव्यानं पहिला मुलगा काढला, दुसरा काढला. सभागृहात कुणी हलत नव्हतं. इथं प्रत्येकाला माहीत होतं पुढे काय होणार, आणि तरी सगळे श्वास रोखून होते. तिसरी. चौथा. आण्णांची बोटं माझ्या गुडघ्यात रुतली. पाचवा मुलगा पुलाच्या कठड्यावर चढला. बस घसरली. काजव्यानं एका हातानं कठडा धरला आणि दुसऱ्या हातात छबीचा हात.

"आता," आण्णा पुटपुटले.

हात सुटला.

"आता उडी घेईल," ते माझ्या कानाशी म्हणाले. "बघा तुम्ही. कठडा सोडतोय आता."

पडद्यावर नुसतं पाणी होतं. मग काठ आला. काजवा चिखलात बसलेला. छातीवरचा दिवा विझलेला. आवाज काही नाही.

"उडी कुठाय?" आण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळलो. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता. ते माझ्याकडे बघत नव्हते, पडद्यावर शोधत होते, इकडून तिकडे, जसा एखादा माणूस पाण्यात शोधेल.

"आण्णा, पुस्तकातलंच ठेवलंय," मी कुजबुजलो. "बदलणार होते. मी बदलू दिलं नाही."

त्यांनी माझ्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मांडीवर दुसऱ्या हाताखाली ठेवला.

दिवे लागले आणि लोक उभे राहिले. टाळ्या थांबत नव्हत्या. कितीतरी जण रडत होते. आण्णांना मंचावर नेण्यात आलं. सूत्रसंचालकानं माईक त्यांच्या तोंडाशी धरला.

"आण्णा, सगळ्या महाराष्ट्राला ऐकायचंय. तुमच्या पुस्तकासारखाच झालाय ना चित्रपट?"

आण्णांनी एकदा गार्गीकडे पाहिलं. ती मंचाच्या कडेला, मान खाली घालून उभी होती.

"हो," ते म्हणाले. "तसाच हाय. अगदी तसाच."

परत टाळ्या. ते उतरायला लागले तेव्हा पायरीवर तोल गेला. मी धावत जाऊन धरलं. ते म्हणाले, "घरी जाऊया, मास्तर."

सातारा मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मी दोनदा विचारलं, पाणी हवंय का. त्यांनी मान हलवली. काहीतरी चुकलंय हे मला कळत होतं, पण काय ते विचारायचं धाडस होत नव्हतं. कराडच्या अलीकडे त्यांनीच गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर आम्ही बाकावर बसलो. चहा आला. त्यांनी प्याला हातात घेतला, थरथरीनं थोडा सांडला, परत खाली ठेवला.

"आम्हाला मुलगी होती," ते म्हणाले. "ठाऊक हाय तुम्हाला?"

"नाही."

"सन्मती. नऊ वर्षांची. पंच्याऐंशी साली शाळेची सहल गेली. नावेत बसवली पोरं. नाव कलंडली."

मी माझा प्याला बाकावर ठेवला.

"चाळिसावं पुस्तक त्याच आठवड्यात करत होतो. गुरुवारी पुरं झालं. त्यात छबी वाचत होती. हात सुटतो, आणि हा कठडा सोडून पाण्यात उडी घेतो, तिला घेऊन वर येतो. शनिवारी छापखान्यात द्यायचं. शुक्रवारी सहल." त्यांनी प्याला बाजूला सरकवला. "पंधरा दिवसांनी बसलो. छापखान्याचा माणूस दारात. ती शेवटची पानं समोर ठेवली आणि मला बघवंना. माझी गेली, आणि ही वाचणार. मी ती पानं फाडली आणि दुसरी काढली. एका बैठकीत."

"तेच पान," मी म्हणालो.

"तेच. लोकांनी डोक्यावर घेतलं. तुमच्यासारख्यांची पत्रं आली, पोतंभर. आणि हिनं ते वाचलं. तवा दिसत होतं तिला. वाचून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, देवानं एकदा बुडवली, तुम्ही दुसऱ्यांदा बुडवलीसा. कागद तर तुमच्या हातात होता." त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "एकतीस वर्षं झाली. संसार केला आम्ही, बोलतो, जेवतो. पण ते वाक्य घरातच हाय. ती पोरगी आली, गार्गी. म्हणाली, तुमची काय अट हाय? मी म्हणालो, एकच. छबीला वाचवा. आणि का ते कुणाला सांगू नका, लोक दया करतील ते मला नको. घरी येऊन हिला सांगितलं. आणि मास्तर, त्या दिवशी हिनं पहिल्यांदा मला विचारलं, पुस्तकात पुढं काय होतं."

रस्त्यावरून ट्रक जात होते. मला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

"तुम्ही मला बोलला का नाहीत, आण्णा?"

"तुम्ही म्हणाला, ते मी बघतो," आण्णा म्हणाले. त्यात राग नव्हता. "मला वाटलं, छबी वाचलेली तुम्हाला दाखवली असंल तिनं, आवडली असंल. मी म्हणालो, बरं झालं."

"मी त्यांच्याशी बोलतो. तो शेवट अजून आहे त्यांच्याकडे. परत लावायला सांगतो."

"नको." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "लोक बघा की कसे रडत होते. त्यांचीबी कुणीतरी गेलेली हाईत. तुमचे वडील गेले. ते पान आता माझं न्हाई राहिलं. मीच सोडलंय ते."

मिरजेत पोचलो तेव्हा नुकतीच दिवेलागण होत होती. काकू ओट्यावर बसून होत्या. गाडीचा आवाज ऐकून उठल्या, चेहरा आमच्या दिशेला केला.

"आलासा?"

"आलो," आण्णा म्हणाले.

काकूंनी विचारलं, "वाचली का?"

आण्णा पायरीवर बसून चपला काढत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. एक चप्पल निघाली, दुसरी निघेना. ते त्या पट्ट्याशी झटत राहिले.

"वाचली," ते म्हणाले.

"खरं?"

"खरं."

"कशी? सांगा की."

आण्णांनी तोंड उघडलं. त्यांनी फक्त स्वतःची फाडलेली पानं पाहिली होती, एकतीस वर्षांपूर्वी, आणि आज जे पाहिलं ते त्यांना सांगता येत नव्हतं. पडद्यावर तिला वाचताना आमच्यात फक्त मीच पाहिलं होतं, त्या तीस खुर्च्यांच्या खोलीत, रागानं.

"काकू, मी सांगतो," मी म्हणालो आणि ओट्यावर त्यांच्यासमोर बसलो. "तिचा हात सुटला. पाणी तिला ओढून घेऊन गेलं. आणि काजव्यानं कठडा सोडला."

"लगेच?"

"लगेच. विचारसुद्धा केला नाही. दोघंही दिसेनासे झाले. बराच वेळ पडद्यावर नुसतं गढूळ पाणी. मग खाली, लांब, एक हिरवा ठिपका दिसला. पाण्याच्या आतून. तो त्याचा दिवा होता. ठिपका वर वर येत गेला, आणि एका वाकलेल्या बाभळीपाशी तो बाहेर आला. ती त्याच्या पाठीवर होती, गळ्याला मिठी मारून."

काकूंचे हात मांडीवर होते. त्या अगदी स्थिर बसल्या होत्या. आण्णा पायरीवरून वळले होते आणि तेही ऐकत होते.

"शुद्धीत होती?"

"आधी नव्हती. त्यानं पाठ चोळली, पाणी काढलं. मग खोकली. डोळे उघडले आणि म्हणाली, माझं दप्तर राहिलं."

काकूंच्या तोंडून बारीक आवाज निघाला. हसल्या की काय, ते मला कळलं नाही. "दप्तरच आठवणार," त्या म्हणाल्या. "ओरडा खायची भीती असते ना."

"हो."

"मग?"

चित्रपट इथंच संपत होता. बाभळीखाली ती दोघं, आणि वर श्रेयनामावली. यापुढे एकही चौकट कुणी काढलेली नव्हती, कागदावर नाही आणि पडद्यावरही नाही, आणि काजव्यात कुणी पदरचं काही घातलं तर तीस वर्षं मी त्याला धारेवर धरत आलो होतो.

"मग त्यानं तिला उचललं," मी म्हणालो. "डगल्यात गुंडाळलं. आणि चालत घरी घेऊन गेला."

"घर कसं सापडलं त्याला?"

"तिनंच सांगितलं. बोट दाखवत होती, इकडे वळा, आता तिकडे."

काकूंनी मान हलवली. मग हात पुढे केला आणि चाचपडत माझं मनगट धरलं.

"आई होती दारात?"

आण्णा माझ्याकडे बघत होते.

"होती," मी म्हणालो. "सकाळपासून तिथंच उभी होती."